उडत्या तबकड्यांच्या थांब्यावर ध्रुवाख्यान

माणसानं कुठल्याही गोष्टीचं खरं वर्णन करू नये. निदान फोनवर करू नये. मी केलं. कीर्तन म्हणजे काय, हे मी डोंगरातल्या एका जपानी गृहस्थांना अगदी मनापासून, एक अक्षर खोटं न घालता सांगितलं. त्यानंतर जे झालं ते टोकियोतल्या आमच्या निशी-कसाईत माझ्यासमोर 'तो प्रसंग' आणि माझ्यामागे 'जयमालाचं विमान' या नावानं ओळखलं जातं. मागचं मला कळतं, कारण आमच्या इमारतीच्या भिंती पातळ आहेत.

आणि भिंतींवर राग काढायचा तर सगळ्याची सुरुवातही तिथूनच झाली. आमचं एक छोटं श्रवण मंडळ आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचं, मोबाइल स्टीलच्या पातेल्यात उभा करायचा म्हणजे आवाज जरा घुमतो, आणि कीर्तन ऐकायचं. आवाज मात्र इतका बारीक ठेवायचा की बुवा आपल्याला शेजाऱ्यांची काहीतरी भानगड सांगताहेत असं वाटावं. एकदा एकादशीला भान हरपून आम्ही गजराला टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी खाली फलकावर सूचना लागली. कुणाचं नाव नाही, कुठं रागाचा शब्द नाही. फक्त दोन तळहातांचं चित्र आणि त्यावर एक नाजूक फुली. इथं तुमचा अपमानसुद्धा इतका सुबक करतात की त्याला चौकट करून भिंतीवर लावावंसं वाटतं.

अशा परिस्थितीत कळलं की विश्वनाथबुवा जपानला येताहेत. बुवांची मुलगी कावासाकीला असते, तिच्याकडे ते थोडेच दिवस राहणार होते. बुवा म्हणजे नारदीय परंपरेतले. लाल पागोटं, अंगरखा, उपरणं, हातात चिपळ्या, आणि वय झालं असलं तरी आवाज असा की मागच्या रांगेतल्या झोपलेल्या माणसाला आपोआप पश्चात्ताप व्हावा. मी त्याच दिवशी फोन केला. बुवा म्हणाले, करू की. फक्त एक अट. ऐकणारा एक असला तरी चालेल, पण तो ऐकायला आलेला असावा.

ही अट साधी नव्हे. बुवांनी एकदा एका मंगल कार्यालयात पूर्वरंग अर्ध्यावर थांबवला होता, कारण मंडळी पुढच्या जेवणासाठी आली आहेत हे त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी नारदांना नमस्कार केला, पागोटं उतरवलं आणि चालत एसटी स्टँडवर गेले. मागून जिलेबी घेऊन धावलेल्या यजमानांकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. आमच्या मंडळात माझ्यासकट सगळ्यांना ही गोष्ट पाठ होती, आणि बुवांना शब्द मी दिला होता. म्हणजे काही चुकलं तर चालत जायचं ते स्टँडवर नव्हे, थेट विमानतळावर.

जागेचा प्रश्न आला. वॉर्डाचं सभागृह सोडतीनं मिळतं. माझा नवरा उदय सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे सोडतीत आपला नंबर लागणारच अशी त्याची तांत्रिक खात्री होती. सभागृह फुग्यांचे प्राणी बनवणाऱ्या मंडळाला मिळालं. मग सल्ले सुरू झाले. आमच्या वरच्या मजल्यावर बाळासाहेब राहतात, वीज मंडळातून निवृत्त, वर्षातले सहा महिने मुलीकडे. त्यांना जपानी येत नाही, पण जपानबद्दल सगळं माहीत आहे. ते म्हणाले, नदीकाठी मैदानात करा, मी परवानगीचं बघतो. त्यांनी परवानगीचं म्हणजे पोलीस चौकीत जाऊन हातवारे करून झांजा वाजवून दाखवल्या. पोलिसांनी त्यांना अतिशय आदरानं बसवून घेतलं, चहा दिला, आणि त्यांच्या मुलीला फोन केला की वडील हरवले आहेत, घेऊन जा.

मग कुणीतरी कराओकेची खोली सुचवली. तिथं कितीही ओरडा, बाहेर ऐकू जात नाही. मी आणि उदय पाहून आलो. खोली चांगली होती, पण छतावरचा रंगीबेरंगी दिव्यांचा गोळा बंद होत नव्हता. बुवा वैराग्याचं निरूपण करताहेत आणि अंगावरून हिरवे-जांभळे ठिपके फिरताहेत, हे माझ्या डोळ्यांसमोर आलं आणि मी उदयला म्हटलं, चल. उदयला मात्र खोली आवडली होती. तो दोन गाणी म्हणून मग आला.

शेवटी अनुपनं जागा काढली. अनुप आमचा तबलजी. मंडळात गाडी असलेला एकटाच, त्यामुळे त्याचा तबला कसाही असला तरी आम्ही त्याला मान देतो. टोकियोपासून तीनेक तासांवर डोंगरात मिनेगावा नावाचा घाट आहे, तिथं एक रस्त्याकडेचा सरकारी थांबा आहे. असे थांबे इथं जागोजाग असतात. स्वच्छतागृह, गरम नूडल्स, आसपासच्या शेतकऱ्यांचे मुळे आणि कोबी. अनुप तिथं मुळ्यासाठी थांबला होता आणि वर त्याला मोठा मोकळा हॉल दिसला. आसपास वस्ती नाही, कुणाच्या भिंती नाहीत. फक्त जाता जाता तो एवढं म्हणाला, की त्या थांब्याचं छप्पर जरा बशीसारखं आहे आणि दारात हिरव्या रंगाचे पुतळे आहेत. मला वाटलं, असतील कसले तरी बेडूक.

ते बेडूक नव्हते. मिनेगावाचा थांबा उडत्या तबकड्यांसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या डोंगरावर कुणाकुणाला कधीकाळी आकाशात काहीतरी दिसलं, तेव्हापासून लांबलांबून माणसं दुर्बिणी घेऊन येतात, तबकडीच्या आकाराची गोड भाकरी खातात, आणि वर बघत बसतात. हे सगळं मला नंतर कळलं. फोन लावला तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की तिथले प्रमुख कान्नो-सान, म्हणजे कान्नोसाहेब, असे एक गृहस्थ आहेत आणि हॉल त्यांच्या अखत्यारीत आहे.

कान्नो-साननी फार नम्रपणे विचारलं, कार्यक्रमाचं स्वरूप काय? माझं जपानी मी कोंबिनीत अर्धवेळ नोकरी करता करता शिकले, म्हणजे कोपऱ्यावरच्या त्या चोवीस तास उघड्या दुकानात. ते शुद्ध आहे, नम्र आहे, पण गल्ल्यापलीकडच्या माणसाशी बोलण्यापुरतंच आहे. तरी मी नेटानं सांगितलं. एक गृहस्थ भारतातून येतील. ते उभे राहतील. ज्या जागी ते उभे राहतात ती जागा एका ऋषींची आहे, जे हातात वीणा घेऊन आकाशातून तिन्ही लोकी फिरतात आणि इकडचा निरोप तिकडे पोचवतात. गृहस्थ देवाला हाक मारतील. मग देव येतो.

पलीकडे कागदावर काहीतरी लिहून घेतल्याचा आवाज आला.

मग कान्नो-साननी हळूच विचारलं, "नक्की येतो?"

आता मला सांगा, कीर्तनावर श्रद्धा असलेल्या बाईनं यावर काय म्हणायचं? मी म्हटलं, नक्की येतो, बोलावणाऱ्याचा आणि ऐकणाऱ्याचा भाव हवा. त्यांनी विचारलं, कुणी पाहिलं आहे का? मी म्हटलं, पुष्कळांनी, पण ज्यांनी पाहिलं ते सांगत बसत नाहीत. त्यावर ते "अच्छा" अशा अर्थाचं काहीतरी इतक्या खोल आवाजात म्हणाले की माझ्या अंगावर काटा आला. हॉल मिळाला. वर त्यांनी विचारलं, श्रोत्यांसाठी काही नियम? मी तीन सांगितले. चपला बाहेर. फोन बंद. आणि एकदा बुवा उभे राहिले की आरती होईपर्यंत कुणी उठायचं नाही, आत यायचं नाही, मान वळवायची नाही. मान वळवण्याचं मी आपलं बाळासाहेबांना डोळ्यांसमोर ठेवून घातलं. कान्नो-साननी बुवांचा एक फोटो मागितला, तो मी आनंदानं पाठवला. फोन ठेवून मी उदयला म्हटलं, बघ, परक्या देशातला माणूस, पण भाव कसा आहे. उदय म्हणाला, "बुकिंग इतकं सोपं झालं म्हणजे काहीतरी बग आहे." मी त्याच्याशी रात्रीपर्यंत बोलले नाही.

पुढची तयारी कागदोपत्री. हॉलमध्ये ज्योत पेटवायची नाही, म्हणून निरांजनात बॅटरीचे दिवे. बुक्का जमिनीवर सांडायचा नाही, म्हणून प्रत्येकाच्या कपाळाखाली कागदी रुमाल. आपला कचरा आपण परत न्यायचा, तोही जळाऊ, प्लास्टिक, काच असा वेगळा करून. यावर निर्माल्य जळाऊ कचऱ्यात टाकायचं की कसं, असा वाद आमच्याकडे दोन बैठका चालला. बाळासाहेबांचं म्हणणं, निर्माल्य जळाऊ म्हणणं हाच अधर्म. विद्या आमची पेटीवाली. तिचं म्हणणं, मग नारळाची करवंटी कशात? ती ना प्लास्टिक, ना काच. शेवटी नारळ रद्द झाला आणि बाळासाहेब तेवढ्यापुरते हिंदू धर्माच्या भवितव्याबद्दल निराश झाले.

शनिवारी दुपारी आम्ही दोन गाड्यांतून निघालो. नोव्हेंबर होता, डोंगर लाल-पिवळे झाले होते. बुवा पुढच्या सीटवर पागोटं मांडीवर घेऊन बसले होते. ध्रुवाख्यान लावणार, म्हणाले. सावत्र आईनं मांडीवरून उतरवलेलं पोर रानात जाऊन बसतं, नारायण येईपर्यंत हलत नाही, आणि शेवटी आकाशात अढळ जागा मिळवतं. मला तेव्हा काय माहीत, की ज्यांच्यापुढे हे लावायचं ते सगळे आकाशाचेच गिऱ्हाईक आहेत.

शेवटच्या वळणाला बशीसारखं छप्पर दिसलं. मग हिरवे पुतळे दिसले, मोठ्या डोळ्यांचे. मग गाड्यांची रांग दिसली आणि मला वाटलं, मुळे स्वस्त झाले असतील. मग फलक दिसला. फलकावर विश्वनाथबुवा होते. हात वर केलेले, चिपळ्या धरलेल्या, डोळे मिटलेले. मीच पाठवलेला फोटो. आणि त्यांच्या पागोट्याच्या बरोबर वर, किरण सोडत, एक उडती तबकडी होती. खाली लिहिलं होतं: भारतातून आलेले आचार्य आकाशस्थांना आमंत्रण देणार. नक्की येतात.

तेवढं 'नक्की' माझं होतं.

आवारात दीड-दोनशे माणसं शांत रांगेत उभी. गळ्यात दुर्बिणी, हातात घडीच्या खुर्च्या, काही म्हातारी जोडपी, काही तरुण. आमची गाडी थांबताच सगळी रांग कमरेत वाकली. बुवांचे डोळे भरून आले. मला म्हणाले, "जयमाला, आमच्याकडे मांडव भरायला आता फिरून माणसं गोळा करावी लागतात गं." मग त्यांचं लक्ष फलकाकडे गेलं. "हे माझ्या डोक्यावर काय आहे?"

"छत्र आहे, बुवा," मी म्हटलं. "इकडच्या पद्धतीचं."

नारदाच्या गादीवर उभ्या राहणाऱ्या माणसाला, तेही कीर्तनाच्या दिवशी, मी खोटं सांगितलं. बुवांना कपडे बदलायला भाजीच्या कोठारात जागा दिली होती. ते आत गेले आणि मी बाहेर मंडळाची तातडीची सभा घेतली. उदय म्हणाला, कीर्तन झाल्यावर सांग, आधी काही बदलू नये. बाळासाहेब म्हणाले, जयमालाताई, कधीच सांगू नका. मी वीज मंडळात सदतीस वर्षं काढली, लोकांना दिवे का गेले हे कळलं नाही म्हणूनच शांतता टिकली. अनुप म्हणाला, मी गाडी चालू ठेवतो. तेवढ्यात कान्नो-सान आले. बुटके, टोपी घातलेले, चेहरा लहान मुलासारखा उत्सुक. त्यांनी मला सांगितलं की ते तरुणपणापासून या थांब्यावर आहेत, येणाऱ्या हजारोंना कुठं बघायचं ते दाखवतात, आणि त्यांनी स्वतः अजून काहीही पाहिलेलं नाही. "आज," ते म्हणाले आणि त्यांनी टोपी काढून हातात धरली.

हे ऐकल्यावर गप्प बसणं मला जमेना. मी कोठारात गेले. दोन्ही बाजूंनी मुळ्यांच्या राशी, मधे बुवा पागोटं नीट करत उभे. मी सगळं सांगितलं. फोन, भाव, तबकडी, 'नक्की'. ही माणसं कीर्तनाला आलेली नाहीत, बुवा. ही विमान बघायला आली आहेत.

बुवांनी हातातलं पागोटं मुळ्यांवर ठेवलं. मी मनात विमानतळाचा रस्ता आठवायला लागले.

"तू त्यांना खोटं काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"त्यांना काही नाही. तुम्हाला. ते छत्राचं."

"ते मला कळलं होतं. छत्राला खिडक्या नसतात." त्यांनी पागोटं डोक्यावर ठेवलं. "उभा राहतो. ते विमानासाठी आले असतील तर विमानासाठी उठतील. पहिला माणूस उठला की मी हे उतरवणार. मग मला समजावायला यायचं नाही."

हॉलमध्ये खाली गाद्या अंथरलेल्या, छान ऊब. सगळे गुडघे मोडून बसले होते, पाठी ताठ. त्यांच्या पाठीमागची पूर्ण भिंत काचेची, पलीकडे गच्ची आणि डोंगरांची रांग, कारण एरवी लोक तिकडे तोंड करून बसतात. आज आमच्याकडे तोंड होतं. म्हणजे काच दिसत होती फक्त आम्हाला: बुवांना, पेटीवर विद्याला, तबल्यावर अनुपला, आणि झांजा घेऊन, वर भाषांतराची जबाबदारी घेऊन उभ्या असलेल्या मला. मंडळाची उरलेली माणसं, उदय आणि बाळासाहेबांसकट, बाजूला दाराजवळ बसली होती. कान्नो-सान अगदी पुढे, टोपी मांडीवर.

पूर्वरंग मी कसाबसा निभावला. बुवांनी भक्ती म्हणजे काय ते सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. मला सुचेल ते मी सांगितलं, पण माझं जपानी हे असं: 'देव आपणास हवे ते देतात, पिशवीची गरज आहे का' याच सुरातलं. तरी कुणी हसलं नाही. गजराला त्यांना टाळी शिकवली तर पहिल्याच फेरीला सगळे एका मापात. अनुपचा ठेका चुकला, त्यांचा नाही. मध्यंतरात कान्नो-साननी बुवांना हार घातला, कपाळाला बुक्का लावून घेतला, आणि कागदी रुमाल घडी करून खिशात ठेवला.

बाहेर अंधारून आलं. बुवा आख्यानाला लागले. ध्रुव रानात बसला. एका पायावर उभा राहिला. त्याला उठवायला वाघांचे आवाज आले, आग आली, आईचं रूप घेऊन माया आली आणि म्हणाली, बाळा, एकदा मागे बघ. बुवांनी स्वर उतरवला. "ध्रुवानं मान वळवली नाही."

मी ते सांगण्यासाठी तोंड उघडलं आणि समोर काचेत, डोंगराच्या रेषेवर, एक उजेड उभा राहिला.

नारिंगी. गोल. हातावर ठेवलेल्या लिंबाएवढा दिसत होता. लुकलुकत नव्हता, सरकत नव्हता, नुसता होता. माझ्या हातातली झांज अर्ध्यात राहिली. विद्यानं पेटीचा सूर धरला तो सोडलाच नाही. बुवांनीही पाहिलं, मला त्यांची नजर तिथं गेलेली दिसली. आणि आमच्या चौघांचे चेहरे बघून समोरच्या दीडदोनशे माणसांना कळलं. हॉलमध्ये एक श्वास आत गेला आणि बाहेर आला नाही.

मग कुणीतरी उठलं.

उठले ते बाळासाहेब. दाराजवळ बसल्यामुळे त्यांना तिरक्या कोनातून काच दिसत होती. "अरे बापरे, आलं की," असं मराठीत म्हणून ते गुडघेदुखी विसरून गच्चीकडे पळाले. त्यांच्यामागे उदय, फोन चालू करत. त्यांच्यामागे आमचं अख्खं श्रवण मंडळ. दर महिन्याला पातेल्यातलं कीर्तन ऐकणारी माणसं, पायातले मोजे घसरवत, एकमेकांना ढकलत बाहेर. अनुपही उठला, तबला चालू गाडीसारखा सोडून गेला. आमचं माणूस म्हणून तिथं उरलो आम्ही दोघी बायका.

बुवांचा हात पागोट्याकडे गेला.

मी डोळे मिटून घ्यायला हवे होते, पण मला समोरचं दिसत होतं. समोर कुणीही हललं नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ गळ्यातल्या दुर्बिणीवर दोन्ही हात घट्ट दाबून बसले होते. त्यांच्या शेजारच्या बाईंच्या गालावरून पाणी येत होतं आणि त्या ते पुसतही नव्हत्या, पुसताना मान हलेल म्हणून. कान्नो-सान सगळ्यांत पुढे. आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते त्यांच्या पाठीमागे, एका काचेपलीकडे उभं, आणि त्यांचे डोळे माझ्यावर. मला कळलं, ते भाषांतराची वाट बघताहेत. मी मधेच थांबले होते.

मी म्हटलं, "ध्रुवानं मान वळवली नाही."

कान्नो-साननी मान हलवली. होकाराची, एवढीशी.

बुवांचा हात पागोट्यावरून खाली आला आणि त्याच हातानं चिपळी वाजली. तबला नाही, अर्धी झांज नाही, आणि मी आयुष्यात ऐकलेलं सगळ्यांत चांगलं ध्रुवाख्यान तिथं झालं. नारायण आले. पोराच्या गालाला शंख लावला. आणि देव काय म्हणाले, ते बुवांनी गाऊन सांगितलं: माझ्यासाठी तू किती वेळ बसलास रे. आता हे मी कसं सांगायचं? माझ्याजवळ होतं एकच वाक्य, दिवसाला शंभरदा म्हणते ते, गल्ल्यापुढे रांगेत ताटकळलेल्या माणसाला. मी हात पोटाशी जुळवले, वाकले आणि देवाच्या वतीनं म्हटलं, "ओमाताशे इताशिमाशिता." आपणास वाट पाहायला लावली, क्षमा असावी.

पहिल्यांदा दुर्बिणवाले गृहस्थ रडले. मग सगळा हॉल. अगदी शिस्तीत, आवाज न करता, खिशातले रुमाल काढून. बुवांनी माझ्याकडे पाहिलं. आपण इतकं काय गायलो, असं त्यांना वाटलं असावं.

आरती झाली, बॅटरीच्या दिव्यांची. ती संपेपर्यंत दार बंद होतं, कारण आत यायचं नाही हा माझाच नियम आणि तो पाळायला कान्नो-साननी एक माणूस ठेवला होता. आमचं मंडळ गच्चीवर कुडकुडत, काचेला नाकं लावून आत बघत होतं. डोंगरावर तोवर काही नव्हतं. ते केव्हा गेलं, मला सांगता येणार नाही. मी वाकले होते.

मग बुवांच्या पाया पडायला रांग लागली. प्रत्येक जण वाकायचा, बुवा उलटे वाकायचे, तो आणखी वाकायचा. शेवटी कान्नो-सान आले. त्यांनी टोपी पुन्हा पुन्हा फिरवली आणि मला म्हणाले, आचार्यांना विचाराल का, मागे काही होतं का.

मी बुवांना विचारलं. मला भीती होती. बुवा खोटं बोलणार नाहीत हे ठाऊक होतं, आणि खरं म्हणजे नेमकं काय हे मला ठाऊक नव्हतं.

बुवा म्हणाले, "सांग त्यांना. होतं. माझे ऐकणारे पळाले, तेव्हा मला वाटलं तेही जाईल. पण तुम्ही बसलात म्हणून तेही थांबलं."

मी सांगितलं. कान्नो-साननी हातांनीच विचारलं, केवढं? बुवांनी दोन्ही तळहात एकमेकांजवळ आणून लिंबाएवढी जागा दाखवली. कान्नो-साननी आपल्या हातांनी तेवढीच जागा केली, नीट मापून, आणि बराच वेळ तशीच धरून उभे राहिले. पाठीमागच्या काचेकडे त्यांनी तेव्हाही पाहिलं नाही.

परतीच्या वाटेवर बुवा पुढे झोपले होते. मागे आमच्या मंडळात चर्चा. बाळासाहेबांच्या मते ती विजेच्या मनोऱ्यावरची ठिणगी होती. अनुपच्या मते ड्रोन. उदयनं पळता पळता काचेतून काढलेल्या सगळ्या फोटोंत काचेत दिसणारा उदयच होता, फोन धरलेला. शेवटी तो माझ्याकडे सरकला आणि हलक्या आवाजात म्हणाला, "तू तर समोरून पाहिलंस ना? खरं सांग, काय होतं?"

मी म्हटलं, "बसला असतास तर कळलं असतं."